घड्याळ भारी आहे म्हणायला काय जातं?

"अनोळखी माणसाच्या घड्याळाचं कौतुक केलं की तो आपल्याला चोर समजतो" असं काही जण म्हणतात, ते गर्दीपुरतं बरोबर आहे, भुसावळ स्टेशनवर गाडी लागताना कोणी माझ्या मनगटाकडे बघत बोलायला लागलं तर मीपण आधी खिसा चाचपेन. पण नंदुरबारकडच्या पॅसेंजरमध्ये एकदा बसायला जागा मिळाली की तसं नसतं भाऊ. एखाद्या आबांच्या हातात एचएमटी या सरकारी कंपनीचं चावीचं 'जनता' घड्याळ दिसलं की मी बिनधास्त बोलतो, "आबा, घड्याळ भारी जपलंय हो", आणि मग बघा, सासऱ्याने दिलं का पहिल्या पगारात घेतलं, पट्टा कितीदा बदलला, सगळं निघतं, अमळनेर कधी गेलं कळत नाही. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनसोबत घड्याळं सुरू केली आणि २०१६ मध्ये त्यांची घड्याळाची कंपनी बंद झाली, म्हणजे आता चालू असलेलं जुनं घड्याळ कोणीतरी सांभाळलेलंच असणार, कौतुक तर बनतंच ना. फक्त "कितीला पडलं" विचारू नका, तिथेच माणूस सावध होतो. आणि महागडं परदेशी दिसलं तर मी गप्पच बसतो, ओरिजिनल का कॉपी या भानगडीत कोण पडणार!