मदत हवी आहे : राजवटीचा प्रकार आणि आर्थिक वाढ यांच्या अभ्यासात गोव्याची तुलना कोणाशी करावी?

नमस्कार. मी गोव्यात अर्थशास्त्रात एम.ए. करत असून माझ्या प्रबंधाचा विषय राजवटीचा प्रकार (लोकशाही की हुकूमशाही) आणि आर्थिक वाढ यांचा संबंध हा आहे.

या प्रश्नावर अभ्यासकांत एकमत नाही. प्शेवोर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 1990 या काळातील आकडेवारी तपासून, राजवटीच्या प्रकाराने एकूण उत्पन्नाच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असे 2000 साली मांडले. तर असेमोग्लू, नायडू, रेस्ट्रेपो व रॉबिन्सन यांच्या 2019 च्या शोधनिबंधानुसार लोकशाही आल्याने दरडोई उत्पन्न 25 वर्षांत सुमारे 20 टक्क्यांनी वाढते. (हुकूमशाहीतच वाढ होते असे सांगत सिंगापूरचे नाव घेऊन वाद मिटवणारे, हुकूमशहा मोबुटूच्या काळात डबघाईला आलेल्या आफ्रिकेतील झैरेबद्दल मात्र गप्प असतात.)

गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची सत्ता भारताच्या 19 डिसेंबर 1961 रोजी लष्करी कारवाईने संपली आणि 1963 च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. अर्थव्यवस्था ढासळली म्हणून राजवट गेली, असे येथे म्हणता येत नाही आणि म्हणूनच हे उदाहरण मला मोलाचे वाटते. अडचण अशी की राजवटीबरोबरच बाजारपेठ, जकात, आयात परवाने आणि सरकारी खर्च हे सारे एकदम बदलले, तेव्हा लोकशाहीचा वाटा वेगळा काढायचा कसा? पाखल्यांच्या (पोर्तुगिजांच्या) काळी विलायती माल सहज मिळे, असे जुनी माणसे सांगतात व ते खोटे नाही. परंतु त्या आयातीमागे जपानला जाणारे लोहखनिज आणि परदेशी गेलेल्या गोंयकारांनी पाठवलेला पैसा होता. पुढे 2012 साली खाणी बंद झाल्या, तेव्हा लोकशाही जागच्या जागी असूनही राज्याच्या उत्पन्नाला मोठा फटका बसला. शिवाय 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) कायदा हे निवडून आलेल्या विधानसभेचे काम असले, तरी त्यांचा परिणाम वाढीच्या दरापेक्षा वाटपात दिसण्याची शक्यता अधिक.

तुलनेसाठी मला दोन प्रदेश सुचतात. पुदुच्चेरी 1954 मध्ये भारताकडे आली, पण ती ज्याची वसाहत होती तो फ्रान्स हुकूमशाही नव्हे, तर प्रजासत्ताक होता. मात्र तेथे लोहखनिजाच्या खाणी नाहीत. सिंधुदुर्गात रेडीला खनिज आहे आणि जमीनही आमच्यासारखीच जांभ्याची, पण तो भाग 1961 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात असल्याने त्याचे वेगळे आकडे काढणे जिकिरीचे आहे. यांपैकी कोणता प्रदेश घ्यावा? तसेच 1961 पूर्वीच्या उत्पन्नाऐवजी जकातीचा महसूल किंवा मुरगाव बंदरातून गेलेल्या खनिजाचे टन वापरले, तर ते परीक्षकांपुढे टिकेल का? वसाहतकालीन आकडेवारीवर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.