आल्प्सची उठावाची प्रतिकृती: उंची किती पट वाढवावी?

भूगोल_नववी: शाळेच्या प्रदर्शनासाठी आल्प्स करायचाय. 4×3 फुटी प्लाय आहे, चाटी गल्लीतून पाच पदरी पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणलीत. नीस ते व्हिएन्ना अख्खी रांग बसवली तर 1 सेंमीला 10 किमी पडतात आणि सगळ्यात उंच शिखर माँ ब्लाँसुद्धा 5 मिमीचाच होतो! उंची दहापट करू का?

समोच्च: दहापट नको. ऱ्होन नदीच्या खोऱ्याचा तळ 3 किमीच्या आसपास रुंद, म्हणजे तुमच्याकडे 3 मिमीची फट आणि दोन्ही बाजूंना 3 सेंमीच्या भिंती. हिमनदीनं कोरलेली सपाट तळाची दरी दिसणारच नाही. कटरही आत वळणार नाही.

पुठ्ठा_कटर: अख्खा आल्प्स सोडा ताई. स्वित्झर्लंडमधला, ऱ्होनच्या खोऱ्याचा मार्तिन्यी ते फुर्का खिंड एवढाच तुकडा घ्या, 1 सेंमीला 1 किमी. मॅटरहॉर्न (4,478 मी.), युंगफ्राऊ (4,158 मी.) दोन्ही येतात, उंची वाढवावीच लागत नाही. पुठ्ठ्याचा थर 5 मिमी, म्हणजे 500 मीटर. प्लाय 500 मीटरवर धरा, मॅटरहॉर्नला 8 थर. (आपलं सोलापूर प्लायच्याही खाली जातं, कळसूबाई जेमतेम सव्वादोन थर!) आलेच हिमनदी 20 सेंमीच्या आसपास लांब येईल.

प्रत्येक थरावर दोन समोच्चरेषा (समान उंचीच्या रेषा) कार्बननं उतरवा: एक कापायची, दुसरी वरचा थर कुठं बसवायचा त्याची. पुठ्ठ्याच्या नळ्या एका थरात आडव्या, पुढच्यात उभ्या ठेवा, नाहीतर सगळं एका बाजूला वाकतं. रात्रभर वजन ठेवा. वरून कागदाचा लगदा लावू नका, दऱ्या बुजतात आणि पुठ्ठा ओला होऊन फुगतो. टिश्यू पेपरचे तुकडे, फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, बास.

भूगोल_नववी: हे जमेल. रंग? 3,000 च्या वर सरसकट पांढरा?

समोच्च: सरसकट नाही. मॅटरहॉर्नच्या उभ्या कड्यांवर बर्फ टिकत नाही, तिथं करडा. उलट आलेचची जीभ (खालचं टोक) पार झाडांच्या पट्ट्यापर्यंत उतरते, ती पांढरीच ठेवा. झाडं साधारण 2,200 मीटरपर्यंत, त्यावर गवत, मग खडक.

आणि ऱ्होनचं खोरं गर्द हिरवं करू नका, बहुतेक प्रतिकृतींत तिथंच चुकतं. उत्तरेची आणि दक्षिणेची शिखरं पाऊस अडवतात, त्यामुळं खोऱ्यातल्या सिआँ शहराला वर्षाला 600 मिमीच्या आसपासच पडतो, आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. दक्षिणेकडं तोंड असलेल्या खालच्या उतारावर पिवळसर तपकिरी रंग द्या, त्यावर द्राक्षमळ्यांच्या बारीक हिरव्या रेघा. समोरच्या सावलीच्या उतारावर मात्र जंगल.