मदत हवी आहे: पांगाऱ्यावर चढलेली सापसुरळी कोणी पाहिली आहे का?

नमस्कार मंडळी. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे 350 किलोमीटरवर फर्नांडो दी नोरोन्या नावाचं बेट आहे. तिथली सापसुरळी जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिचे जवळचे नातलग आफ्रिकेत. पूर्वज बहुधा समुद्रात वाहत्या ओंडक्यांवरून आले असावेत. मला वेड लावलंय ते मात्र तिच्या खाण्यापिण्यानं. कोरड्या दिवसांत तिथे मुलुंगू फुलतो, आपल्या पांगाऱ्याच्याच प्रजातीतलं झाड. सापसुरळी खोडावरून सरसर वर चढते, फुलात डोकं खुपसून मध पिते आणि खवल्यांना चिकटलेले पराग पुढच्या फुलावर नेते. पाण्याची आणि साखरेची सोय एकाच ठिकाणी!

आपल्याकडची सापसुरळी बहुतेक पालापाचोळ्यातच दिसते. नागपूरच्या सेमिनरी हिल्स, अंबाझरी किंवा तुमच्या घराजवळच्या पांगाऱ्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या बहरात, कोणी तिला फुलांपाशी पाहिलंय का? मैना-बुलबुलांच्या नोंदी माझ्याकडे आहेत, त्या नकोत. जागा आणि वेळ कळवा. फोटो असेल तर डोक्यावर परागांची पूड दिसते का, तेवढं मोठं करून बघा. तिला पकडू मात्र नका; बिचारी शेपूट टाकून पळते.