मदत हवी आहे: ६० जीएसएम पिशव्यांची खात्री

किराणा दुकानासाठी नॉन-वोव्हन (कापडासारख्या दिसणाऱ्या, पण न विणलेल्या प्लास्टिक धाग्यांच्या) पिशव्या घ्यायच्या आहेत. १२० मायक्रॉन किंवा त्याहून जाड प्लास्टिक पिशव्यांना केंद्राने दिलेली सवलत इथे कामाची नाही, कारण महाराष्ट्राने २०१८ च्या अधिसूचनेत प्लास्टिकच्या कॅरीबॅग जाडी न बघताच बंद केल्या. नॉन-वोव्हनला २०२२ अखेर सूट मिळाली, पण ६० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वरच.

घाऊकवाला ‘साठच्या वर’ म्हणतो. छापलेल्या आकड्यावर भरवसा कोण ठेवणार? १० बाय १० सेंमीचे दहा तुकडे सोनाराच्या काट्यावर ६ ग्रॅमपेक्षा जास्त भरायला हवेत. शिवण आणि पकडायचे पट्टे सोडून कापायचे, नाहीतर वजन फुगतं. नमुना ५.२ ग्रॅम, म्हणजे ५२ जीएसएम!

नियम मोडला तर पहिलाच दंड ५,००० रुपये. तपासणीत निव्वळ बिल चालतं की प्रयोगशाळेचा अहवालही मागतात?