मदत हवी आहे: कमी लोडवर फ्रान्सिस टर्बाइन धडधडते, ड्राफ्ट ट्यूबमध्ये हवा कुठून सोडावी?

धरणाच्या पायथ्याचे वीजगृह, उभ्या शाफ्टचे फ्रान्सिस टर्बाइन, १२ मेगावॅट, हेड (पाण्याच्या पातळीतला फरक) ६० मीटर, वेग २५० आरपीएम (मिनिटाला फेरे). ८० टक्क्यांच्या वर मशीन गुपचूप चालते. ४५ ते ६० टक्के लोडवर मात्र ड्राफ्ट ट्यूबच्या (टर्बाइनखालची, पाणी बाहेर नेणारी नळी) मॅनहोल दारावर हात ठेवला की ठोके जाणवतात आणि मेगावॅटचा काटा त्याच तालात डोलतो. कंपनाची वारंवारता साधारण १.१ हर्ट्झ, म्हणजे फिरण्याच्या वेगाच्या पावपट. त्यामुळे हा रनरखालचा (रनर म्हणजे टर्बाइनचे फिरते चाक) पाण्याचा पीळच आहे, असंतुलन नव्हे (ते ४.१७ हर्ट्झला दिसले असते).

गाइड बेअरिंगचे क्लिअरन्स, शाफ्ट अलाइनमेंट आणि गाइड व्हेनचे (रनरकडे पाणी सोडणारी पाती) उघडणे एकसारखे आहे का, हे तपासून झाले, सगळे मर्यादेत. गव्हर्नर (वेग व लोड सांभाळणारी यंत्रणा) लोड लिमिटवर ठेवला तरी डोलणे तसेच. रनरला तडे नाहीत, कोनला (ड्राफ्ट ट्यूबचा वरचा शंकूसारखा भाग) किरकोळ खड्डे आहेत.

हेड कव्हरवरचा (रनरच्या वरचे झाकण) एअर व्हॉल्व्ह उघडला की उन्हाळ्यात बराच फरक पडतो. पावसाळ्यात टेलरेस (बाहेर पडलेल्या पाण्याची पातळी) चढली की रनरखाली निर्वात पोकळी तयार होत नाही आणि व्हॉल्व्ह हवा ओढतच नाही. खरी अडचण हीच. तो लोड टाळा, असे कृपया सुचवू नका. खाली ठरावीक पाणी सोडावेच लागते आणि दुसरे युनिट नाही.

आता कॉम्प्रेसरने हवा द्यायची आहे. ती हेड कव्हरमधून द्यावी की कोनच्या भिंतीतून? पाण्याच्या प्रवाहाच्या किती टक्के हवेपासून सुरुवात करावी? आणि कोनमध्ये फिन (भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या) बसवले, तर पूर्ण लोडवर कार्यक्षमता किती घसरते?