बाबांसोबत बसून पाहता येईल असा सिनेमा सुचवा (बापलेक, नशीब आणि थोडं हसू)

धुऱ्यावरचा
मंडळी, सल्ला पाहिजे. आमचं गाव धामणगाव रेल्वेच्या अलीकडे. पाच एकर काळी, एक विहीर, घरात आई, बाबा आणि मी. नागपूरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी परत आलो. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. "त्याले म्हणा, मोटर बंद कर." मी समोरच उभा असतो.

भांडण नशिबावरून आहे. मी चौथीत होतो तेव्हा बाबांनी रोहिण्यात धूळपेरणी केली, म्हणजे पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत पेरलं, आणि मृगाचा पाऊस असा नेमका आला की अख्ख्या शिवारात आमची पऱ्हाटी (कपाशी) सगळ्यांच्या पुढे. तेव्हापासून दरवर्षी तोच डाव. मागच्या चारपैकी तीन वर्षं दुबार पेरणी करावी लागली. मी ठिबक म्हटलं की ते म्हणतात, "पाणी नळीनं येते, बरकत येते का?" वरून दर आठवड्याला राज्य लॉटरीचं एक तिकीट. सातबारा ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे त्याच पिशवीत ठेवतात, कोपऱ्याला हळदीचं बोट लावून.

पेरणीआधी एक संध्याकाळ सोबत बसायचं आहे. सिनेमा त्यांना आवडतो. फक्त उपदेश नको, आणि शेवटी पोरगा शहाणा ठरतो असला तर अजिबात नको. ते चप्पल घालून निघून जातील.

खामगावची सून
अकरा दिवस थांबा, अक्षय्य तृतीयेला त्यांना आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घेऊन जा 😄 संध्याकाळी घट मांडतात, अठरा धान्यं ठेवतात, सकाळी पापड, पुरी, करंजी कशी आहे ते पाहून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. माझे सासरे दरवर्षी जातात. भाकीत काहीही निघो, पेरायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं असते.

बरं, सिनेमा. 'खोसला का घोसला', २००६ चा. अनुपम खेर बाप आहे, आयुष्यभराच्या कमाईचा प्लॉट बोमन इराणी गिळतो. पोराला अमेरिकेला पळायचं आहे, चिरौंजीलाल नाव लपवून चेरी म्हणवून घेतो. जमिनीचं दुखणं आहे म्हणून तुमच्या बाबांना जवळचं वाटेल.

धुऱ्यावरचा
तो टीव्हीवर तीनदा पाहिला त्यांनी. त्यांचं मत: "पोट्ट्यानं आधीच बापाचं आयकलं असतं तर पिच्चर अर्ध्या तासात संपला असता."

पाटसरी
'गाभ्रीचा पाऊस' कोणी कसा नाही सुचवला? आपल्या विदर्भाचा, सतीश मनवरांचा, २००९. पावसावर डाव लावणारा शेतकरी आहे, आणि बायको पोराला बापाच्या मागं मागं फिरवते, बापानं जिवाचं काही करू नये म्हणून. विनोद काळा आहे पण अस्सल आहे.

खामगावची सून
पाटसरी, सिनेमा चांगलाच आहे, पण ज्या घरात तीन वर्षं दुबार पेरणी झाली तिथं पेरणीच्या तोंडावर लावू नका. आपण ज्याला काळा विनोद म्हणतो ते त्यांच्यासाठी शेजारच्या घरातलं असते.

पाटसरी
मान्य. मागं घेतो.

झाडीपट्टीवाला
आमच्या ब्रह्मपुरीकडं या भौ, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की. वडश्याच्या नाटक कंपन्यांची नाटकं रात्री उशिरा चालू होतात, पहाटेपर्यंत चालतात. बापलेकाचं भांडण नसलेलं नाटक आमच्याकडं शोधूनही सापडत नाही. तुमचे बाबा पुढच्या खुर्चीत रडतील आणि रेकॉर्डिंग डान्सला शिट्टी मारतील. पण तुम्हाला आत्ता पाहिजे, म्हणून हे फक्त निमंत्रण समजा.

पडद्यामागचा
दोन नावं सांगतो.

एक, 'तिथी'. कन्नड, २०१५, राम रेड्डी. मंड्याकडचं खेडं. एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो, अकराव्याला त्याचं जेवण घालायचं आहे. त्याचा मुलगा गड्डप्पा दाढी वाढवून शिवारात भटकतो, दारू पितो, त्याला जमीन नको, काहीच नको. गड्डप्पाच्या मुलाला मात्र ती पाच एकर विकायची आहे, म्हणून तो जिवंत बापाच्या मृत्यूचा खोटा दाखला काढतो. काम करणारे बहुतेक गावातलेच लोक, नट नाहीत. हसू येते आणि थोड्या वेळानं आपण कशाला हसलो असं होते.

दुसरा तुमच्या घरासाठीच काढला आहे असं वाटेल. 'नेब्रास्का', २०१३, अलेक्झांडर पेन. कृष्णधवल. म्हाताऱ्या वुडीला जाहिरातीचं पत्र येते, त्याला वाटते दहा लाख डॉलर लागले. घरच्यांनी कितीही सांगितलं तरी तो पैसे आणायला मोंटानातून नेब्रास्कातल्या लिंकनला पायी निघतो. शेवटी धाकटा मुलगा गाडीत घालून नेतो. वाटेत वुडीचं जुनं गाव लागते, आणि बुढा श्रीमंत झाला म्हटल्यावर नातेवाईक कसे गोळा होतात ते पाहा. जिनिंगचा चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, आल्यावर आपल्याकडं होतात तसेच. ब्रूस डर्नला या कामासाठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम नटाचं पारितोषिक मिळालं.

पोरगा यात शहाणा आहे, पण शहाणपण पाजळत नाही. तुमची अट तीच आहे ना?

धुऱ्यावरचा
अट तीच. पण इंग्रजी आहे. खालच्या पट्ट्या त्यांना वाचता येणार नाहीत.

पडद्यामागचा
मग तर उत्तमच. तुम्ही सांगा. वऱ्हाडीत. त्यात लोक तसेही कमी बोलतात, खुर्च्या टाकून टीव्हीकडं पाहत गप्प बसलेले भाऊ आहेत. म्हाताऱ्याची बायको तेवढी फटकळ आहे, तिचं भाषांतर आईसमोर जपून करा.

पाटसरी
'बायसिकल थीव्ज' पण आहे, १९४८. बाप, पोरगा, चोरीला गेलेली सायकल. बाप शेवटी ज्योतिषीणबाईकडं जातो.

खामगावची सून
पाटसरी, हसू पाहिजे म्हणाले आहेत ते!!

धुऱ्यावरचा
उशिरा लिहितो आहे, लाईटची बोंब होती. काल रात्री 'नेब्रास्का' लावला.

पहिली पंधरा मिनिटं बाबा बाजेवर पाठ करून पडले होते. मी आईला सांगतो आहे असं दाखवून मोठ्यानं सांगत होतो. बुढा हायवेनं पायी चालला आहे, पोलीस थांबवतो, कुठं चालला विचारतो. बाबा उठून बसले. "कायले चालला तो?" दोन वर्षांत थेट मला विचारलेला पहिला प्रश्न. मी म्हटलं, लॉटरी लागली म्हणते. "पक्की लागली का?" नाही. "मंग पोट्टं कायले नेऊन राह्यलं त्याले?"

याचं उत्तर मला लगेच सुचलं नाही. म्हटलं, पाहा पुढं.

दोघं भाऊ बापाचा कॉम्प्रेसर परत आणायला म्हणून भलत्याच्याच घरून चोरून आणतात, तिथं बाबा असे हसले की ठसका लागला, आईनं पाणी आणलं. शेवटी पोरगा आपली गाडी देऊन ट्रक घेतो आणि बापाला गावातून चालवू देतो, स्वतः खाली दबून बसतो, कोणाला दिसू नये म्हणून. मी इथं भाषांतर केलं नाही. गरज पडली नाही. बाबांनी चहा मागितला आणि आईला म्हणाले, "गाडी गेली ना त्याची." बस, एवढंच.

सकाळी विहिरीवर आले. म्हणाले, विहिरीकडच्या दोन एकरांत तुयी नळी टाक, वरचे तीन मी माया हिशोबानं पेरतो. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर वरच्या तीनला पाणी पुरणारही नव्हतं.

खामगावची सून
वा! आणि तिकीट?

धुऱ्यावरचा
पाईपचं कोटेशन आणायला आज धामणगावला निघालो तर फाटकाजवळ पन्नासची नोट हातात दिली. "येताना घेऊन ये. मायं पाहून घेतलं इतके वर्षं, आता तुया हातानं पाहू."

आणलं. हळद मीच लावली.