लुक्सोरला दीर अल-मदिना चुकवू नका

इजिप्तच्या सहलीत कैरोत पिरॅमिड आणि म्युझियम झाल्यावर लुक्सोरला एक दिवस पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात पुरणार नाही, तीन तरी ठेवाच. तिथल्या कर्नाकच्या प्राचीन मंदिराबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय. त्या मंदिराच्या १३४ खांबांच्या मंडपात सकाळी दार उघडताच शिरा, एवढंच सांगते.

मला लिहायचंय ते नाईलच्या पश्चिम तीरावरच्या दीर अल-मदिनाबद्दल. राजांच्या दरीतली थडगी ज्यांनी खोदली, रंगवली, त्या कारागिरांचं हे गाव. आता फक्त भिंतींचे खालचे भाग उरलेत, पण घराला घर लागून, मधून अरुंद गल्ली, मागे स्वयंपाकाची जागा, सगळं कळतं. तिसरा रामसेस या राजाच्या काळात, इ.स.पू. ११५०च्या सुमारास, धान्याच्या रूपातला पगार थकला म्हणून याच लोकांनी काम बंद पाडलं होतं! त्याची नोंद असलेला पपायरस (त्या काळचा कागद) इटलीत तुरिनच्या म्युझियममध्ये आहे.

गावालगतच सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे. वाकून, जपून उतरावं लागतं. खाली छोटीशी खोली, पिवळ्याधमक भिंती. एका चित्रात तो ठिपक्यांच्या जनावरांमागे नांगर धरून चाललाय आणि बायको मागून बी टाकत येतेय. तीन हजारांहून जास्त वर्षं झाली, पण रंग ताजे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेय मी. तिथून पाय निघेना. राजांच्या थडग्यांत देवच देव दिसतात, इथे माणसं भेटतात.